टी पेशीला जिवाणूचा रेणू कसा कळतो? एमआर१ची रचना स्वतः उघडून पाहा

बी२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, माणसाच्या पेशींना बनवता येत नाही. ते आपण दूध, अंडी, पालेभाज्या यांतून घेतो. बरेचसे जिवाणू, बुरशी आणि वनस्पती ते स्वतः तयार करतात, आणि तयार करताना मधल्या टप्प्यांवर काही रेणू जन्माला येतात. हे मधले रेणू शरीरात कुठे सापडले, तर ते आपले नाहीत एवढं नक्की. टी पेशी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, आणि आपल्या टी पेशींचा एक गट नेमक्या याच खुणेवर पाळत ठेवून असतो. त्यांना मेट पेशी म्हणतात. रक्तातल्या टी पेशींत त्यांचं प्रमाण साधारण १ ते १० टक्के असतं, यकृतात त्याहून बरंच जास्त.

पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की टी पेशी प्रथिनाचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, पाहतात. इथे पेप्टाइड नाहीच. जेमतेम दोन डझन जड (म्हणजे हायड्रोजन सोडून इतर) अणूंचा एक रेणू आहे, आणि तोही पाण्यात फार वेळ न टिकणारा. इतकी छोटी आणि क्षणिक गोष्ट टी पेशीला दिसते कशी, याचं उत्तर प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेत आहे. ती रचना प्रोटीन डेटा बँकेत सगळ्यांसाठी फुकट उपलब्ध आहे. बी.एस्सी., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आणि शिकवणाऱ्यालाही ती ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते. लॅपटॉप असेल तर उत्तम, पण चांगल्या फोनवरही काम भागतं.

काय शोधायचं हे आधी ठरवून बसा. रंगीत फिती फिरवत बसलात तर तासभर छान जाईल आणि हाती काही लागणार नाही. माझ्या मते अशा प्रत्येक रचनेला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: रेणूला धरतं कोण, आणि वाचतं कोण? मेट पेशींच्या बाबतीत ही दोन कामं दोन वेगळी प्रथिनं करतात. हे एकदा दिसलं की या क्षेत्रातले बरेच प्रयोग आपोआप उलगडत जातात.

उघडण्याआधीची तयारी

धरणाऱ्या प्रथिनाचं नाव एमआर१. त्याचा जनुक १९९५मध्ये सापडला. पेप्टाइड दाखवणाऱ्या नेहमीच्या एचएलए प्रथिनांशी त्याचं नातं आहे, पण त्यांचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहेत आणि याचा पहिल्या गुणसूत्रावर. आणखी एक फरक जास्त महत्त्वाचा. एचएलए माणसागणिक बदलतं, त्याची हजारो रूपं आहेत. एमआर१ मात्र जवळपास सगळ्या माणसांत एकसारखं असतं. जिवाणूंच्या बी२ बनवण्याच्या रसायनमार्गात फारसा बदल होत नाही, म्हणून त्याला धरणारं प्रथिनही बदलत राहण्याची गरज नसावी, असं मला वाटतं.

वाचणारं प्रथिन म्हणजे मेट पेशीचा टी पेशी रिसेप्टर. त्याच्या अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या. साधारण टी पेशींत या साखळ्या लाखो तऱ्हांनी जुळतात. मेट पेशीत अल्फा साखळी मात्र ठरलेली असते: टीआरएव्ही१-२ हा तुकडा, आणि त्याला बहुतेक वेळा टीआरएजे३३ जोडलेला, कधी टीआरएजे१२ किंवा टीआरएजे२०. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याचं कारण थेट दिसणार आहे.

आता रेणू. जिवाणू बी२ बनवताना ५-ए-आरयू नावाचा मधला रेणू तयार होतो. तो एकटा पुरत नाही. ग्लुकोजच्या विघटनात मिथाइलग्लायॉक्सल हा छोटा रेणू आपोआप बनत असतो. त्याची ५-ए-आरयूशी गाठ पडली की कोणत्याही विकराशिवाय ५-ओपी-आरयू तयार होतो. मेट पेशींना सर्वांत जोरदार चेतवणारा रेणू हाच. तो पाण्यात अस्थिर असतो. मोकळा राहिला तर स्वतःच वळून दुसरं वलय बनवतो आणि त्याची ताकद बरीच घटते. एमआर१ने वेळेत पकडला तरच तो टिकतो.

हे कळायला वेळ लागला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मेट पेशी नसतात आणि त्यांना एमआर१ लागतं, हे २००३मध्ये समजलं होतं. पण एमआर१ नक्की काय दाखवतं, हे नऊ वर्षं गूढ होतं. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आणि मोनाश विद्यापीठांतल्या जेम्स मॅक्लस्की, जेमी रॉसजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उकललं. प्रयोगशाळेत एमआर१ची घडी नीट बसत नव्हती. पेशी वाढवण्याचं माध्यम मिसळल्यावर ती बसू लागली. त्या माध्यमात फोलिक आम्ल होतं, आणि ते उजेडाने तुटून झालेला ६-फॉर्मिलटेरिन हा रेणू एमआर१च्या खाचेत जाऊन बसला होता. गंमत अशी की हा रेणू खाचेत घट्ट बसतो, तरी मेट पेशी त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आपली सगळी तुलना याच विरोधावर उभी आहे.

पायरी १: योग्य नोंद उघडा

प्रोटीन डेटा बँकेच्या शोधचौकटीत ४एनक्यूसी हा संकेत टाका, अर्थात इंग्रजी अंक-अक्षरांत. २०१४मध्ये आलेली ही रचना आहे. हिच्यात एमआर१, त्याच्या खाचेतला ५-ओपी-आरयू आणि वरून टेकलेला मेट पेशीचा रिसेप्टर असे तिघेही एकत्र आहेत. पानावरच्या त्रिमितीय दृश्याच्या टॅबवर क्लिक केलं की मॉलस्टार नावाचा दर्शक उघडतो. डावं बटण दाबून ओढलं की रचना फिरते, चाकाने जवळ-दूर जाता येतं, उजव्या बटणाने सरकवता येतं.

चित्र उघडताच गोंधळून जाऊ नका. स्फटिकाच्या एका एककात एकाच संकुलाच्या एकाहून अधिक प्रती असू शकतात. अशा वेळी एकच संकुल निवडा आणि बाकीचं लपवा, नाहीतर एका प्रतीचा रेणू आणि दुसऱ्या प्रतीचं अमिनो आम्ल अशी चुकीची अंतरं मोजली जातात.

पायरी २: कोण कुठे आहे ते ओळखा

साखळ्यांची नावं पाठ करण्याची गरज नाही. वरच्या अनुक्रमाच्या पट्टीत प्रत्येक साखळीसमोर प्रथिनाचं नाव असतं. एका संकुलात चार साखळ्या सापडतील: एमआर१, त्याच्या कुशीला लहानसं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, आणि रिसेप्टरच्या अल्फा व बीटा.

एमआर१चा वरचा भाग नीट पाहा. खाली चपट्या फितींचा तळ आणि त्यावर समांतर धावणारे दोन मळसूत्री कठडे, अशी ती खाच असते. ठेवण एचएलएसारखीच, पण पेप्टाइडसाठी असते तशी लांब मोकळी जागा इथे नाही. रेणू एका टोकाच्या खोल कप्प्यात बसलेला आहे, त्या कप्प्याला ए प्राइम म्हणतात. दुसऱ्या टोकाचा कप्पा रिकामाच दिसेल. ही रिकामी जागा पाहून घाईने निष्कर्ष काढू नका. २०१७मध्ये दिसून आलं की डायक्लोफेनॅकसारख्या रोजच्या वेदनाशामकाशी संबंधित रेणू आणि सॅलिसिलिक आम्लाचे काही भाऊबंदही एमआर१मध्ये बसू शकतात. खाच छोटी आहे, पण एकाच रेणूपुरती बनलेली नाही.

पायरी ३: धरणारा हात

आता रेणूवर क्लिक करा. दर्शक आपोआप जवळ जाईल आणि आजूबाजूची अमिनो आम्लं उघडी करून तुटक रेषांनी परस्परक्रिया दाखवेल. त्यांत लायसीन ४३ शोधा. कर्सर नेला की कोपऱ्यात नाव आणि क्रमांक येतो.

लायसीनच्या टोकाचा नायट्रोजन आणि रेणूतला त्याच्या सर्वांत जवळचा कार्बन यांच्यातलं अंतर मोजा. त्यासाठी निवड पद्धत सुरू करा, पातळी अणूवर ठेवा, दोन अणू निवडा आणि मोजमापाच्या खणातून अंतर मागा. ते सुमारे १.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास आलं पाहिजे. एका मिलिमीटरमध्ये एक कोटी अँगस्ट्रॉम मावतात, यावरून माप किती सूक्ष्म आहे ते कळेल. बंध नसताना असे कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून दूर राहतात. म्हणजे इथे नुसती जवळीक नाही, खरा सहसंयुज बंध आहे. या प्रकाराला शिफ बेस म्हणतात. मिथाइलग्लायॉक्सलकडून आलेला कार्बोनिल गट लायसीनशी जोडला गेला आहे, आणि म्हणूनच पाण्यात काही तासांत विरून जाणारा रेणू इथे अडकून टिकतो.

या एका बंधाचं पेशीतलं महत्त्व फार मोठं आहे. रेणू मिळेपर्यंत एमआर१चा बराचसा साठा पेशीच्या आत, अंतर्द्रव्यी जालिकेत थांबून असतो. लायसीन ४३वर धन प्रभार असतो. शिफ बेस बनला की तो नाहीसा होतो, आणि मग एमआर१ पृष्ठभागाकडे निघतं. लायसीनच्या जागी अ‍ॅलनीन घातलं तर रेणू नसतानाही प्रथिन वर येऊन पोचतं, हे २०१६मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे लायसीन ४३ पकडही आहे आणि निघण्याचा इशाराही.

भोवतालची टायरोसीन ७, टायरोसीन ६२, ट्रिप्टोफॅन ६९ आणि ट्रिप्टोफॅन १५६ ही अमिनो आम्लं वलयवाली आहेत. रेणूचं चपटं वलय त्यांच्या मधोमध बसलं आहे. आर्जिनीन ९ आणि आर्जिनीन ९४ हेही जवळच दिसतील. आर्जिनीन ९कडे परत यायचं आहे.

पायरी ४: वाचणारं बोट

सगळ्या लेखातलं हे ठिकाण मला सर्वांत आवडतं. इथे वेळ काढा.

५-ओपी-आरयूला वलयाखेरीज एक शेपूट आहे. तिला रिबिटिल म्हणतात: पाच कार्बनची साखरेसारखी साखळी, तिच्यावर हायड्रॉक्सिल गट. ती वरच्या दिशेला, रिसेप्टरकडे वळलेली दिसेल. रिसेप्टरच्या अल्फा साखळीच्या तिसऱ्या फासातून, म्हणजे सीडीआर३मधून, एक टायरोसीन खाली आत शिरलेलं आहे. शोधनिबंधांत त्याचा क्रमांक ९५ आहे, पण क्रमांकापेक्षा जागेवर विश्वास ठेवा: शेपटीला सर्वांत जवळचं, रिसेप्टरकडून आलेलं टायरोसीन.

त्याच्या टोकाच्या ऑक्सिजनपासून शेपटीवरच्या दुसऱ्या कार्बनच्या हायड्रॉक्सिलच्या ऑक्सिजनपर्यंत अंतर मोजा. २.५ ते ३.५ अँगस्ट्रॉममध्ये आलं तर हायड्रोजन बंध मानता येतो. एमआर१चं टायरोसीन १५२ही जवळपास सापडेल. रिसेप्टरचं टायरोसीन, रेणूचा हायड्रॉक्सिल आणि एमआर१चं टायरोसीन या तिघांच्या साखळीवर मेट पेशीचं चेतणं मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, हे रेणूत मुद्दाम छोटे बदल करून केलेल्या अभ्यासांनी २०२०मध्ये दाखवलं.

आता टीआरएजे३३ची गोष्ट आठवा. हे टायरोसीन त्याच तुकड्यातून येतं. टीआरएजे१२ आणि टीआरएजे२०मध्येही त्याच जागी टायरोसीन पडतं. अल्फा साखळी इतकी ठरलेली का, याचं उत्तर तुमच्या पडद्यावर आहे. जिवाणूचा रेणू ओळखणारं बोट तिच्याकडे आहे.

पायरी ५: शांत बसणाऱ्या रेणूशी तुलना

दुसऱ्या टॅबमध्ये ४एल४टी उघडा. त्यात एमआर१, ६-फॉर्मिलटेरिन आणि मेट रिसेप्टर आहेत. रिसेप्टर नसलेली एमआर१ आणि ६-फॉर्मिलटेरिनची रचना हवी असेल तर ४जीयूपी. डेटा बँकेच्या जोडी-तुलनेच्या साधनात दोन्ही रचना टाका आणि फक्त एमआर१ची साखळी जुळवा. सगळं संकुल एकदम जुळवू नका. रिसेप्टर किंचित तिरका असला तरी खाच हलल्यासारखी वाटते.

खाच जवळपास जशीच्या तशी दिसेल. लायसीन ४३ इथेही जोडलेलं आहे, फॉर्मिल गटाशी. वलयही त्याच पाळण्यात आहे. पण शेपूट नाही. टायरोसीनचं बोट खाली आलं तरी धरायला हायड्रॉक्सिल सापडत नाही. धरणं झालं, वाचणं झालं नाही. फोलिक आम्लाच्या तुकड्याने आपल्या मेट पेशी का पेटत नाहीत, ते या दोन चित्रांतल्या फरकात आहे.

प्रयोगशाळेत याचा रोज उपयोग होतो. रक्तातल्या मेट पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजताना एमआर१ टेट्रामर, म्हणजे चार एमआर१ एकत्र जोडून चमकणारा रंग लावलेली खूण, वापरतात. ५-ओपी-आरयू भरलेला टेट्रामर पेशींना चिकटतो, ६-फॉर्मिलटेरिन भरलेला तुलनेसाठी ठेवतात. हा ताळा कशासाठी, हे विद्यार्थ्याने वहीत लिहिण्यापेक्षा वरची दोन अंतरं मोजून समजून घ्यावं.

पायरी ६: चित्रावर लगेच विश्वास ठेवू नका

दर्शकात दिसणाऱ्या काड्या हा कुणीतरी लावलेला अर्थ असतो. मूळ पुरावा म्हणजे क्ष-किरणांच्या प्रयोगातून मिळालेली इलेक्ट्रॉन घनता. ती दाखवण्याची सोय दर्शकात आहे, रेणूभोवती ती चालू करा. शेपटीभोवती आणि लायसीनच्या बंधाभोवती निळी जाळी अखंड आहे का, हे पाहा. जाळीबाहेर लटकणाऱ्या अणूंवर निष्कर्ष बांधू नका. अशा रचनांत हायड्रोजनचे अणू सहसा दिसत नाहीत, त्यामुळे हायड्रोजन बंध आपण ऑक्सिजन-नायट्रोजनच्या अंतरांवरून अनुमानतो, हेही ध्यानात असू द्या.

मग नोंदीसोबतचा वैधता अहवाल उघडा. त्यात रामचंद्रन आलेखाच्या, म्हणजे प्रथिनाच्या कण्यातले कोन शक्य आहेत का हे पाहणाऱ्या, कसोटीत न बसणाऱ्या अमिनो आम्लांचं प्रमाण असतं. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३मध्ये मद्रासमध्ये मांडलेली ही कसोटी आजही जगभरातल्या प्रत्येक प्रथिन रचनेला लावली जाते, याचा मनापासून अभिमान वाटतो. एकूण गुण चांगले असले तरी तुमच्या खाचेतलं एखादं अमिनो आम्ल यादीत आहे का, ते वेगळं तपासा.

पायरी ७: क्रमांकांचा सापळा

यात भलेभले अडकतात. युनिप्रोट (प्रथिनांच्या अनुक्रमांचा साठा) आणि अल्फाफोल्ड (संगणकाने भाकीत केलेल्या रचना) यांच्या डेटाबेसमध्ये मोजणी प्रथिनाच्या अगदी सुरुवातीपासून होते. एमआर१ची पहिली २२ अमिनो आम्लं सिग्नल पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाला वाट दाखवणाऱ्या तुकड्याची आहेत, ती नंतर कापली जातात. शोधनिबंध उरलेल्या, परिपक्व प्रथिनापासून मोजतात. म्हणून लायसीन ४३ तिकडे ६५ होतं, टायरोसीन १५२ तिकडे १७४, आणि आर्जिनीन ९ तिकडे ३१. अल्फाफोल्डच्या डेटाबेसमधलं भाकीत उघडून ४३व्या जागी लायसीन नाही म्हणून गोंधळू नका. त्या भाकितात खाचेतला रेणूही नसतो, त्यामुळे धरण्या-वाचण्याचा प्रश्न तिथे विचारून उपयोग नाही.

आर्जिनीन ९ची गोष्ट आता. २०२०मध्ये एका रुग्णाच्या एमआर१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत या जागी हिस्टिडीन आढळलं. वैद्यकीय लिखाणात तो बदल ३१ या क्रमांकाने येतो. त्या माणसाच्या रक्तात मेट पेशी नव्हत्या. बदललेलं एमआर१ जिवाणूचा रेणू धरू शकत नव्हतं, पण फॉर्मिलटेरिनचा एक भाऊबंद धरू शकत होतं. पायरी ३मध्ये तुम्ही पाहिलेल्या एका अमिनो आम्लाने संपूर्ण पेशीगट नाहीसा झाला.

रचनेवरून सुचलेलं प्रत्येक उत्तर असंच प्रयोगाच्या कसोटीवर घासा. रिसेप्टरच्या टायरोसीनच्या जागी फिनाइलअ‍ॅलनीन ठेवा: वलय तेच, फक्त टोकाचा ऑक्सिजन गेला. प्रतिसाद कोसळतो. जिवाणूंच्या बाजूनेही ताळा बसतो. साल्मोनेला, ई. कोलाय, क्षयाचा जिवाणू यांच्याकडे बी२चा मार्ग आहे आणि मेट पेशी त्यांना ओळखतात. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस आणि एन्टेरोकोकस फीकॅलिस यांच्याकडे तो नाही, आणि एमआर१च्या वाटेने त्यांची चाहूल लागत नाही.

पुढचा सराव

हीच पद्धत आता अशा ठिकाणी लावा जिथे ती ताणली जाते. गॅमा-डेल्टा टी पेशींचा (यांच्या रिसेप्टरमध्ये अल्फा-बीटाऐवजी गॅमा आणि डेल्टा साखळ्या असतात) व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२ हा गट एचएमबीपीपी नावाच्या जिवाणूच्या रेणूला प्रतिसाद देतो. क्षयाचा जिवाणू आणि मलेरियाचा परजीवी दोघेही हा रेणू बनवतात. आपल्या पेशींत त्याचा जवळचा नातेवाईक आयपीपी असतो, पण तो हजारो पटींनी दुबळा पडतो. इथे रेणू पृष्ठभागावर येतच नाही. तो पेशीच्या आत, बीटीएन३ए१ या प्रथिनाच्या बी३०.२ नावाच्या भागातल्या धन प्रभाराच्या कप्प्यात बसतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांत दिसलं की तो तिथे बसला की बीटीएन२ए१ या दुसऱ्या प्रथिनाचा आतला भाग त्याला येऊन चिकटतो, आणि रेणू दोघांमध्ये डिंकासारखा राहतो. बाहेर टी पेशीचा रिसेप्टर बीटीएन२ए१ला धरतो, रेणूला शिवतही नाही.

डेटा बँकेत बीटीएन३ए१, बीटीएन२ए१ आणि एचएमबीपीपी ही नावं एकत्र शोधा. रेणूचे फॉस्फेट गट कोणत्या प्रथिनाने धरले आहेत ते आधी मोजा. मग रेणूच्या दुसऱ्या टोकाचा हायड्रॉक्सिल कोणाच्या अणूंजवळ येतो ते पाहा. आयपीपीकडे तो हायड्रॉक्सिल नाही. वाचण्याचं काम इथे टी पेशीने केलंय की आतल्या जोडीदाराने, हे त्या अंतरांवरून तुमचं तुम्हीच ठरवा.